चिंचटेंभीच्या बॅटरीला पाणी

७ जानेवारी १९९६, रविवार

आजपासून रोजनिशी. सोनमने, म्हणजे माझ्या सुनेने, तिच्या औषधाच्या दुकानात फुकट आलेली डायरी आणून दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी खोकल्याच्या औषधाची जाहिरात आहे, तिकडे दुर्लक्ष करायचं. "मामा, लिहीत जा काहीतरी. तुमचं बोलणं आम्हाला पाठ झालंय," असं ती म्हणाली. माझ्या बोलण्याचा तिच्यावर एवढा परिणाम होत असेल असं वाटलं नव्हतं.

लिहिण्यासारखं घडलंही आहे. वाशीच्या आमच्या ऊर्जामित्र मंडळाने चिंचटेंभीच्या समाजमंदिराला सौरदिवे द्यायचं ठरवलं आणि ते काम एकमताने माझ्यावर सोपवलं. (सभेला आम्ही चौघे होतो. मी चहा सांगायला बाहेर गेलो तेवढ्यात ठराव झाला.)

चिंचटेंभी हा डोंगराच्या पायथ्याचा आगरी लोकांचा पाडा. घरं पंचवीसेक. आमच्या खांदेश्वरच्या गच्चीवरून तो डोंगर दिसतो. संध्याकाळी पनवेलपासून बेलापूरपर्यंत दिव्यांची नुसती रांगोळी असते, आणि डोंगराच्या पायथ्याशी तेवढा काळा ठिपका. विजेचे खांब 'पुढच्या वर्षी' येणार आहेत. कितीतरी वर्षांपासून ते पुढच्याच वर्षी येणार आहेत.

कारखान्याच्या विद्युत विभागात आयुष्य गेलं, त्यामुळे काम मला जड नाही. निवृत्त झाल्यापासून मात्र दिवस फार लांबतो. सखूला, माझ्या बायकोला, जाऊन तीन वर्षं झाली. ती असती तर म्हणाली असती, "जावा, जावा. घरात बसून पंख्याची गती मोजण्यापेक्षा बरं." असो. हे प्रकल्पाशी संबंधित नाही.

१० जानेवारी, बुधवार

लुनावरून चिंचटेंभीला पहिली भेट दिली. समाजमंदिर म्हणजे वर कौलं, खाली कोबा, तिन्ही बाजूंना खिडक्या. लग्न, बैठक, दहावं, सगळं इथेच होतं. पाड्यातले सर्वांत वडीलधारे गृहस्थ आप्पा. त्यांनी माणसं जमवली होती. मी 'सूर्यशक्ती: काल, आज आणि उद्या' या विषयावर बराच वेळ बोललो. शेवटपर्यंत एकही माणूस उठून गेला नाही. (निघताना लक्षात आलं की दारात माझी लुना आडवी लागली होती.)

मग प्रश्नोत्तरं. आप्पांनी विचारलं, "सायेब, राती सूर्य नसतो, मंग दिवा कसा पेटंल?" मी बॅटरीची संकल्पना सोपी करून सांगितली: दिवसा भरायची, रात्री वापरायची.

"म्हंजे रांजनच की," मागून एक बाई म्हणाल्या. "आनि रांजनापाशी राखन कोन बसनार? आमच्याकडं जो पयला येतो तो उपसून जातो."

मी म्हटलं, हा प्रश्न विषयाला धरून नाही.

या वेणूबाई. वय पन्नाशीच्या पुढे, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. भाजी पिकवतात, पनवेलच्या बाजारात स्वतः विकतात. शिवाय त्या धवलारीण आहेत. आगरी लग्नात प्रत्येक विधीला एक गाणं लागतं, त्याला धवला म्हणतात. तो गाणारी ती धवलारीण. भटजी उशिरा आला तर चालतो, ती नाही आली तर लग्न खोळंबतं, असं आप्पांनी सांगितलं. वेणूबाईंना पाच-सहा पोरींना हे धवले शिकवायचे आहेत. दिवसभर सगळ्या शेतावर असतात, म्हणून संध्याकाळी समाजमंदिरात उजेड हवा.

मी शास्त्रीय शंका काढली. "गाणं शिकायला दिवा कशाला? रेडिओ अंधारातही ऐकू येतो."

"रेडिओला तोंड नसतं," त्या म्हणाल्या. "पोरी माझ्या तोंडाकडं बघून शबुद उचलतात. अंधारात मी गाते येक, त्या ऐकतात येक. नवरी येकाची न् नाव भलत्याचं. मंग मारामारी होते, ती सोडवाला तुमी येनार?"

सगळी सभा हसली. बाई फटकळ आहेत. आवाज मात्र खणखणीत आहे.

१६ जानेवारी, मंगळवार

परवा सौरदिव्यांच्या प्लेटी बसवल्या. दोन प्लेटी, एक बॅटरी, तीन दिवे. आप्पांचा आग्रह होता की प्लेटी उगवतीला तोंड करून लावाव्यात, "नायतर सूर्यनारायन रुसंल." दक्षिणेकडे का लावायच्या हे मी जमिनीवर आकृती काढून समजावलं. आप्पांनी आकृतीला नमस्कार केला आणि मान्य केलं.

आज पाहणीला गेलो तर दोन्ही प्लेटींवर हळदकुंकवाची बोटं, मध्ये स्वस्तिक, वरून झेंडूची माळ! निम्मी काच झाकलेली. सूर्य आत जाणार कुठून? मी शिडीवर चढून फडक्याने पुसू लागलो. खालून वेणूबाई.

"ओ सायेब, देवाचं पुसू नका."

"हे यंत्र आहे बाई, देव नव्हे."

"मंग तुमी उजेड मागता कोनाकडं?"

मी खुलासा करणार होतो, पण शिडी हलत होती. शेवटी तडजोड झाली. काच मोकळी ठेवायची आणि चौकटीच्या पट्टीवर एकेक टिकली. कुंकू त्यांनी दिलं, टिकली मला लावायला लावली. शिडी त्यांनीच धरली होती. घट्ट धरली होती. याचीही नोंद असावी.

२६ जानेवारी, शुक्रवार

उद्घाटन झालं. मंडळाचे अध्यक्ष दोन तास उशिरा आले आणि तेवढंच लांब बोलले. त्याचा फायदा असा झाला की चांगला काळोख पडला. मग आप्पांनी बटण दाबलं.

मला वाटलं होतं टाळ्या पडतील. कोणी टाळी वाजवली नाही. कोणी दिव्यांकडेही पाहिलं नाही. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. चिमणीच्या उजेडात बसणारी माणसं, सगळ्यांचे चेहरे एकदम दिसले असावेत. एका म्हातारीने शेजारणीची हनुवटी धरून विचारलं, "तुझे केस कवा पिकले गं?" मग हशा पिकला आणि टाळ्याही पडल्या.

त्यानंतर वेणूबाईंनी धवला गायला. पोरी त्यांच्या ओठांकडे बघून मागून गात होत्या. मला शब्द नीट कळले नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचं कारण नुकत्याच झाडलेल्या जमिनीची धूळ.

निघताना त्या म्हणाल्या, "आता कोन चुकतंय ते दिसंल."

त्या पोरींबद्दल बोलत होत्या.

८ फेब्रुवारी, गुरुवार

आता दर गुरुवारी बॅटरीची पाहणी करतो. पुस्तिकेत 'महिन्यातून एकदा पाणी तपासावे' असं छापलंय. पण ज्याने पुस्तिका लिहिली त्याने चिंचटेंभीची हवा पाहिलेली नाही. सावध असलेलं बरं.

पाणी साधं चालत नाही, डिस्टिल्ड लागतं. ते सोनमच्या दुकानात मिळतं. आज ती बाटली देताना म्हणाली, "मामा, आत्तापर्यंत नेलेल्या पाण्यात ती बॅटरी पोहत असेल." मी तिला बाष्पीभवनाचा मुद्दा समजावला. ती एकदम आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ खोकत होती. औषधाच्या दुकानात राहून खोकला!

शिवतेजने, माझ्या मुलाने, विचारलं, "बॅटरी बघायला इस्त्रीचा शर्ट कशाला?" तांत्रिक कामात स्वच्छता लागते. कारखान्यात मी हेच तीस वर्षं सांगत आलो.

पाहणी झाल्यावर वेणूबाईंच्या ओट्यावर चहा होतो. आज जेवणच झालं. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. मी स्पष्ट सांगितलं की आमच्या साताऱ्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, तांदळाची ही केवळ पांढरी. त्या म्हणाल्या, "मंग ठेवा ती." मी म्हटलं, अन्न टाकू नये. चार खाल्ल्या.

त्या विचारत होत्या, घरी कोण कोण असतं. मी सांगितलं: मुलगा, सून आणि मी. "आनि तुमी दिसभर काय करता?"  म्हटलं, वाचन.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज गुरुवार नसताना जावं लागलं. आप्पांचा पुतण्या दत्तू सायकलवरून निरोप घेऊन आला होता. वर्ल्ड कप सुरू झालाय. त्याने कुठून तरी बारा व्होल्टवर चालणारा छोटा टीव्ही मिळवला आहे.

"निकमसायेब, ह्यो जोडाचं काम येकट्या तुमालाच जमनार. पनवेलच्या मिस्तरीनं हात टेकले."

माणूस पारखण्याची दृष्टी आहे त्याला. मी टीव्ही जोडून दिला. भारत-केनियाची मॅच स्वच्छ दिसली. आपण जिंकलो. दत्तूने मला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, तो मी नाकारला.

वेणूबाई दारातून बघून गेल्या. बोलल्या नाहीत. घाईत असाव्यात.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

पाहणी केली. पाणी ठीक, चार्जिंग कमी. चहा झाला नाही. वेणूबाई घरी होत्या, पण त्यांचं डोकं दुखत असावं. दोनदा खोकून पाहिलं. बाहेर आल्या नाहीत.

चहाचं मला काही नाही. मी तसाही चहा कमी करण्याच्या विचारात आहे. आलं किसून नाही, ठेचून घातलं की चव वेगळी लागते, एवढंच.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

परिस्थिती गंभीर आहे. परवा वानखेडेवर दिव्याच्या उजेडातली मॅच होती. दुपारपासून टीव्ही चालू. संध्याकाळी पोरी धवला शिकायला आल्या तेव्हा बॅटरीत काही उरलेलंच नव्हतं. मॅच संपायच्या आत टीव्हीही गेला. आपण हरलो हे दत्तूला काल पेपरात कळलं आणि त्याचा राग बॅटरीवर आहे. मुंबईत मैदानभर उजेड, आणि चिंचटेंभीत तो बघणाऱ्यांच्या घरी काळोख! यावर मंडळाच्या अंकात लेख होईल.

मी ताबडतोब नियमावली तयार केली. अकरा कलमं, सुवाच्य अक्षरात, पुठ्ठ्यावर. कलम चार: 'करमणूक व शिक्षण यांचा समन्वय साधण्यात यावा.' समाजमंदिरात टांगून आलो.

संध्याकाळी पुन्हा एकदा मुद्दाम पाहायला गेलो तेव्हा दत्तू त्याच पुठ्ठ्याने टीव्हीवर पडणारं ऊन अडवत होता.

३ मार्च, रविवार

आप्पा स्वतः खांदेश्वरला आले. आमच्या घरी पहिल्यांदाच. टोपी हातात, चेहरा उतरलेला. सोनमने पाणी दिलं तर ते हातातच राहिलं.

"सायेब, घात झाला. वेनूनं सांगून टाकलंय. माझ्या नातीच्या लग्नात ती धवला गानार नाय."

आप्पांची नात सगुणा. तिचं लग्न मे महिन्यात आहे. वेणूबाईंनी भर पाड्यात सांगितलं म्हणे, की ज्या समाजमंदिरात पोरींना बसायला उजेड नाय, तिथं मना गानं गावाला आवाज नाय. आणि त्यांच्या हाताखालच्या पोरीही तेच म्हणतायत. दुसऱ्या गावची धवलारीण आणायची तर ती वेणूबाईंची मावसबहीण निघाली.

"मंग टीव्ही बंद करा," मी म्हटलं.

"पोरं ऐकत नाय. म्हनतात सायेबानंच जोडून दिला."

 सोनम माझ्याकडे बघत होती. तिने विचारलं, "मामा, वेणूबाई तुमच्याशी बोलतात का हल्ली?" मी म्हटलं, बोलण्यासारखं तांत्रिक काही नाही सध्या.

"मग जा आणि माफी मागा."

कमाल आहे या मुलीची. मी मंडळाचा प्रतिनिधी आहे.

रात्री जेवण गेलं नाही. सगुणा चांगली मुलगी आहे. उद्घाटनाला पहिल्या रांगेत बसून गात होती. तिच्या लग्नात धवला झाला नाही तर ते माझ्यामुळे झालं नाही, असं होईल. दिवे मी लावले आणि गाणं मीच बंद पाडलं.

७ मार्च, गुरुवार

गेलो. माफी मागितली नाही, तांत्रिक खुलासा केला. वेणूबाई ओट्यावर भेंडी निवडत होत्या. मी उभा राहून सांगितलं की क्षमतेचा अंदाज चुकला, भार वाढला, जोडणी करताना प्राधान्यक्रम ठरवायला हवा होता, आणि त्याबाबत खेद आहे.

त्या भेंडी निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे सगलं मराठीत सांगा."

मी म्हटलं, "चुकलं माझं. दत्तूने चढवलं, मी चढलो. तुमचं पहिल्या दिवशीचं, रांजणाच्या राखणीचं, मी ऐकायला हवं होतं."

त्यांनी सुपातली कीडकी भेंडी बाजूला टाकली. "सखूबाई असत्या तर त्यांचं ऐकलं असतं?"

सखूचं नाव यांना कोणी सांगितलं? मीच सांगितलं असेल. कधी, ते आठवत नाही. म्हटलं, "तिचंही पहिल्यांदा ऐकायचो नाही. दुसऱ्यांदा ऐकायचो."

"मंग बसा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. आतून आलं ठेचण्याचा आवाज आला.

दुपारी आप्पा, दत्तू, वेणूबाई आणि मी असे समाजमंदिरात बसलो. मी टीव्हीची तार काढली आणि सर्वांसमक्ष जाहीर केलं की ही बॅटरी फक्त दिव्यांची. दत्तू तोंड पाडून म्हणाला, "परवा पाकिस्तानशी हाय, सायेब!" ते ऐकून माझाही जीव खालीवर झाला हे इथे लिहायला हरकत नाही. पण वेणूबाई माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "आप्पांच्या ट्रॅक्टरला बॅटरी आहे."

आप्पा दचकले. नात महत्त्वाची की ट्रॅक्टर, असा विचार त्यांच्या तोंडावर अगदी स्पष्ट दिसत होता. शेवटी म्हणाले, "घ्या. पन टीव्ही खळ्यात न्या."

१४ मार्च, गुरुवार

पाकिस्तानविरुद्ध ट्रॅक्टरच्या बॅटरीवर जिंकलो. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर चालू होईना, तो सगळ्यांनी आनंदाने ढकलला.

काल श्रीलंकेबरोबर उपांत्य सामना. मी गेलो होतो. बुधवार होता, पण गुरुवारचं काम एक दिवस आधी उरकलं. खळ्यात पुरुष, समाजमंदिरात बायका. आपली एकेक विकेट पडू लागली तसं खळं गप्प होत गेलं आणि तिकडून धवल्याचा आवाज चढत गेला. नंतर मैदानात बाटल्या पडायला लागल्या, मॅचच थांबली. दत्तू डोकं धरून म्हणाला, "ही बाटरी नको तवा जाते, आज का गेली नाय?"

कोणीतरी रडकुंडीला येऊन ओरडलं, "बायांना सांगा रं, आता गाऊ नका!"

समाजमंदिरातून वेणूबाईंचा आवाज आला, "तुमी हारलात, आमी नाय!"

आणि पुढचं कडवं सुरू झालं. मी खळ्यातून उठून समाजमंदिराच्या पायरीवर जाऊन बसलो. हवा तिकडे चांगली होती.

३ मे, शुक्रवार

काल सगुणाची हळद. आम्हा तिघांना आग्रहाचं निमंत्रण होतं. तीन दिव्यांच्या उजेडात समाजमंदिर गच्च भरलं होतं. भार मोजून मी आदल्या रात्री दिवे बंद ठेवायला लावले होते, त्यामुळे काल अडचण आली नाही. वेणूबाईंना हिरवं नऊवारी शोभत होतं. (उजेड पुरेसा होता, याचा हा पुरावा.)

धवला सुरू झाला. पहिले देवाचे, मग कुळाचे, मग त्या आलेल्या पाहुण्यांना गाण्यात गुंफू लागल्या. ही तिथली रीत आहे. व्याह्यांच्या पोटावर एक कडवं, दत्तूच्या टीव्हीवर एक. आणि मग सगळ्या पोरी माझ्याकडे वळल्या.

*सातारचा पाव्हना गो, लुनावर बसून आला,*
*बाटरीला पानी घाली, रोज रोज पानी घाली,*
*बाटरी त भरली गो, कवाच्यान भरली,*
*तहान नक्की कोनाला, सये, कोनाला गो लागली?*

समाजमंदिर हसून लोटपोट झालं. आप्पांना ठसका लागला. शिवतेज खाली बघून खांदे हलवत होता. सोनम तर भिंतीला टेकून डोळे पुसत होती.

आमच्या प्रकल्पाला लोकगीतात स्थान मिळालं ही मोठी गोष्ट आहे, मंडळाला कळवायला हवं. मात्र गाण्यात एक तांत्रिक चूक आहे: मी रोज पाणी घालत नाही, गुरुवारी घालतो. हे मी वेणूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "गुरवारी चालीत बसत नव्हतं." आणि पदर तोंडाला लावला.

निघायच्या आधी सोनम आणि वेणूबाई बराच वेळ चुलीपाशी बोलत होत्या. काय बोललात विचारलं तर सोनम म्हणाली, "बिरड्याची कृती." एवढ्या वेळात दोन पिढ्यांचं बिरडं झालं असतं.

 रात्री घरी येताना मी ते कडवं मनात पुन्हा म्हणून पाहिलं. शेवटच्या ओळीपाशी अडखळलो. त्या ओळीचा रोख बॅटरीवर नसावा.

२७ मे, सोमवार

चिंचटेंभीला वीज आली. खरी, तारेतून. मागच्या महिन्यात अचानक खांब उभे राहिले आणि आज समाजमंदिरासकट सगळ्या घरांत दिवे लागले. आप्पांनी पेढे पाठवले. दत्तूने रंगीत टीव्हीची चौकशी सुरू केली.

आनंदाची गोष्ट आहे. मी आनंदी आहे.

मंडळाचा फोन आला. आता प्लेटी काढून कर्जतकडच्या एका पाड्यातल्या शाळेला द्यायच्या. ठराव एकमताने झाला. मी सभेला नव्हतो.

३० मे, गुरुवार

प्लेटी काढल्या. शिडी वेणूबाईंनीच धरली. आप्पा चुळबुळत म्हणाले, "राहू द्या ना सायेब, शोभेला." पण कर्जतची पोरं अंधारात शिकतायत, तिथं शोभा काय कामाची?

बॅटरी टेम्पोत ठेवताना वेणूबाई म्हणाल्या, "तिकडं पानी कोन घालनार?"

मी म्हटलं, "शाळेतले मास्तर. महिन्यातून एकदा पुरतं."

हे तोंडातून निघून गेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टेम्पोचा दोर पुन्हा एकदा आवळला. तो आधीच आवळलेला होता.

चहा घेतला नाही. टेम्पोवाल्याला घाई होती.

६ जून, गुरुवार

सकाळी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि खुर्चीत बसलो. वर्तमानपत्र दोनदा वाचलं. चारच्या सुमाराला सोनम दुकानातून जेवायला आली. उशीर झाला होता तिला. तिने मला बघितलं.

"मामा, जा ना."

"कुठे? तिथं आता माझं काही काम नाही."

"म्हणूनच म्हणतेय," ती म्हणाली. "आणि शिवतेजचं टेन्शन घेऊ नका. मी बोललेय त्याच्याशी."

कशाबद्दल बोललीस, असं विचारणार होतो. त्याऐवजी लुना काढली.

चिंचटेंभीच्या वळणावर परत फिरावंसं वाटलं. हातात पाण्याची बाटली नाही, पाना नाही, विचारलं तर सांगायला कारण नाही. तसाच गेलो. वेणूबाई ओट्यावर होत्या. बाजारातून नुकत्याच आल्या असाव्यात, रिकामी टोपली शेजारी.

"काय बिघडलंय आज?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"मंग?"

मी म्हटलं, "मग काही नाही. आलो."

त्यांनी टोपली उचलून आत ठेवली. तिथे एका माणसाला बसता येईल एवढी जागा झाली. मी बसलो. त्यांनी डोक्यावरचा नवा दिवा लावला, चांगला शंभराचा, आणि चहा टाकला. मी म्हटलं, एवढा मोठा दिवा लागत नाही, साठचा पुरतो. त्या म्हणाल्या, "मना सगलं नीट दिसाला पायजे." मी सखूबद्दल सांगितलं, ती पंख्यावरून मला काय बोलायची ते. त्या हसल्या. मग त्यांनी आपल्या यजमानांबद्दल सांगितलं, ते धवल्यात बेसूर साथ करायचे आणि कोणाची सांगायची हिंमत नव्हती. अंधार पडला कधी ते कळलं नाही.

आणि अचानक सगळ्या पाड्याचे दिवे गेले. एकदम गुडूप. पोरं ओरडली, कुत्री भुंकली. समाजमंदिराकडून आप्पांचा आवाज आला, साऱ्या डोंगरावर ऐकू जाईल असा.

"अरं, ही सरकारी वीज कामाची नाय! खांदेश्वरला कोनतरी पळा रं, त्या निकमसायेबाला बोलवून आना!"

मी काही विचार करायच्या आत ओरडलो, "आप्पा, मी इथंच आहे!"

 कुठून आवाज आला हे प्रत्येकाला नीट कळलं असणार. मग अंधारात घराघरातून हसू फुटलं, आधी बायकांचं, मग सगळ्यांचं. दत्तूने तर शिट्टी मारली.

माझे कान गरम झाले. उठून जावं की बसावं ते कळेना. शेजारून वेणूबाई म्हणाल्या, "बसा. आता सगल्यांना कललंच हाय."

बसलो. वीज तासाभराने आली. त्या तासात बॅटरीबद्दल एकही शब्द निघाला नाही.